घरात सीलिअ‍ॅक निघालाय, रोजच्या साध्या जेवणासाठी डब्यांत नक्की काय भरून ठेवू?

रिकामा_डबा

मंडळी नमस्कार, जरा घाईतच लिहितेय त्यामुळे विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या. माझ्या मोठ्या मुलीला, वय ९, सीलिअ‍ॅक निघालाय. म्हणजे गहू वगैरे धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की आतड्याचं अस्तर खराब होतं, तो आजार. आधी रक्ताची टेस्ट आणि मग एंडोस्कोपी दोन्ही झालं, त्यामुळे असेल-नसेल असा प्रकार उरलेला नाही, गहू, बार्ली (जव), राय (मोहरी-राई नव्हे, गव्हासारखं धान्य) आयुष्यभर बंद. आहारतज्ज्ञांची अपॉइंटमेंट घेतलीय पण ती येईपर्यंत घरात जेवायचं तर आहेच ना. आम्ही दोघंही नोकरी करणारे, संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की अर्ध्या तासात ताटं वाढायची असतात. आत्तापर्यंत अडीअडचणीला ब्रेड, पास्ता, रव्याचं काहीतरी नाहीतर पोळीत काहीबाही गुंडाळून निभायचं आणि आता यातलं एकही चालत नाही. परवा जे जे म्हणून ग्लूटेन-फ्री लिहिलेलं दिसलं ते उचलून आणलं, ब्रेड, बिस्किटं, पास्ता, केकचं मिश्रण. ब्रेडचा पहिला घास घेऊन कन्या म्हणाली आई हा भुसा आहे का, आणि नवरा बिल बघून काहीच बोलला नाही, ते जास्त लागलं.

तर विचारायचंय असं की रोजच्या जेवणासाठी घरात कायम काय असलं की हात आखडणार नाही? मोठे बेत नकोत, दमून आल्यावर होण्यासारखं हवं. शिवाय सगळ्या घरानेच गहू सोडायचा का तिचं वेगळं ठेवायचं? आणि ओट्सचं काय, कुणी म्हणतं चालतात कुणी म्हणतं अजिबात नाही. धाकटा ६ वर्षांचा आहे, त्याला काही नाही. म्हणजे अजून तरी नाही.

दाणापाणी

ताई, सुरुवातीला सगळ्यांचीच अशी धांदल उडते, त्यात तुम्ही एकट्या नाही. मी स्वतः सीलिअ‍ॅक आहे, बऱ्याच वर्षांपासून, त्यामुळे सांगतेय ते रोजच्या रगाड्यातलं आहे.

माझं पहिलं म्हणणं हेच की ग्लूटेन-फ्री छापलेल्या वस्तूंच्या मागे लागू नका. ज्या वस्तूंत मुळातच ग्लूटेन नाही त्यांच्यावर घर चालवा. तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, कुट्टू, क्विनोआ, बटाटे, रताळी, साबुदाणा, सगळ्या डाळी, कडधान्यं, अंडी, दूध-दही, मासे, चिकन, भाज्या, फळं, शेंगदाणे-बदाम, तेल, तूप. हे वाचून लक्षात येईल की यातलं निम्म्याहून जास्त सामान तुमच्या घरात आजही आहे, फक्त इतके दिवस ते तोंडी लावण्यापुरतं होतं आणि पोट भरायचं काम गव्हाकडे होतं. ते काम आता दुसऱ्यांकडे द्यायचं. तो भुशाचा ब्रेड फ्रीझरमध्ये टाका, वाढदिवसाच्या पार्टीला नाहीतर प्रवासाला उपयोगी पडेल, आणि भाजून खाल्ला तरच तो बरा लागतो, गार तर कुणालाच आवडत नाही.

आता दमून आल्यावरचं. मी घरात पोटभरीच्या गोष्टी तीन प्रकारच्या ठेवते, वेळेनुसार. एक, ज्याला शिजवायलाच लागत नाही किंवा नुसतं गरम पाणी पुरतं, म्हणजे तांदळाच्या शेवया आणि पोहे. दुसरी, पंधरा-वीस मिनिटांत होणारी, म्हणजे भात, क्विनोआ, मक्याचं जाडसर पीठ पाण्यात नाहीतर दुधात शिजवून त्याची दाट लापशी. तिसरी म्हणजे फ्रीझरमध्ये आधीच शिजवून ठेवलेली. या तिसरीवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. सुट्टीच्या दिवशी मोठं पातेलंभर भात करायचा, गरम गरमच ताटात पातळ पसरायचा म्हणजे पटकन निवतो, आणि तासाभरात एकेका जेवणापुरत्या पिशव्यांत चपट्या भरून फ्रीझरमध्ये. तासाभरात म्हणतेय ते उगाच नाही, भातात असे काही जिवाणू असतात की शिजवूनही त्यांचे बीजाणू मरत नाहीत आणि भात बाहेर पडून राहिला की ते वाढतात. नंतर गरम करताना वाफ येईपर्यंत कडकडीत करायचा.

याला जोड म्हणून डाळी-कडधान्यं. मसूर डाळ भिजवावी लागत नाही, वीस मिनिटांत मऊ शिजते, त्यात टोमॅटो, कांदा आणि शेवटी मूठभर पालक टाकला की भातावर घ्यायला एक पूर्ण जेवण झालं. राजमा, छोले यांचे डबाबंद टिन दोन-चार कायम असू द्या, घाईच्या दिवशी देवासारखे धावून येतात. सुके राजमे वापरणार असाल तर भिजवलेलं पाणी फेकून नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळायचेच, नुसते मंद आचेवर ठेवले तर पोट बिघडतं.

आणि अंडी! अंडी-बटाटा-कांदा एका पॅनमध्ये जाडसर ऑम्लेटसारखं केलं की मुलं बिनबोभाट खातात. ग्लूटेन-फ्री छापलेलं बेसन घरात असेल तर त्याची धिरडी, सरबरीत भिजवायचं, दहा मिनिटं ठेवायचं, घालायचं. तुम्ही पोळीत जे काहीबाही गुंडाळत होतात ते याच्यात तितकंच छान गुंडाळलं जातं.

एक गोष्ट मात्र जरा बारकाईने सांगते कारण ही कुणी सांगत नाही. डाळी आणि धान्य शक्यतो अख्खं आणा आणि निवडून घ्या. शेतात डाळीनंतर गहू, गव्हानंतर डाळ असं आलटून पालटून पीक घेतात, तीच यंत्रं, त्याच गाड्या, त्यामुळे मसुरात गव्हाचा नाहीतर बार्लीचा एखाददुसरा दाणा सापडतो. पांढऱ्या ताटात एका थरात पसरा, बार्लीचा दाणा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता आणि मधोमध चीर असलेला असतो, गोल चपट्या मसुरात तो लगेच उठून दिसतो. काढून टाका, मग दोन-तीन पाण्यांनी धुवा. अख्ख्या दाण्याचा फायदा हा की भेसळ डोळ्यांना दिसते. एकदा पीठ झालं की देवालाही ओळखता येणार नाही, म्हणून पीठ घ्यायचं तर त्यावर ग्लूटेन-फ्री असं छापलेलंच घ्या, सुटं तर अजिबात नको, कारण ज्या जात्यात आधी गहू दळलाय त्यात ज्वारी दळली तर ती ज्वारी तुमच्या लेकीच्या कामाची नाही.

टोस्टर_दोन

दाणापाणी ताईंनी स्वयंपाकाचं छान सांगितलंय, मी फक्त सगळं घर की वेगळं यावर बोलतो. आमच्याकडे बायको सीलिअ‍ॅक, मी आणि मुलगा गहू खातो. दोन्ही चालतं पण अर्धवट चालत नाही. म्हणजे एकतर घरातून गहू पूर्ण बाहेर, नाहीतर नियम कडक.

आमचा नियम असा की मोकळं गव्हाचं पीठ घरात नाही. तयार ब्रेड येतो, पिठाचा डबा येत नाही. कारण पीठ उडतं, तासन् तास हवेत राहतं आणि ओट्यावर, भांड्यांवर, उघड्या जेवणावर बसतं. ब्रेडचा चुरा निदान दिसतो तरी. टोस्टर वेगळा, चाळणी वेगळी (पास्ता गाळायची चाळणी कितीही घासा, भोकांत चिकटा राहतोच), लाकडी पोळपाट-लाटणं, लाकडी चमचे, चॉपिंग बोर्ड वेगळे. स्टीलची काचेची भांडी साबणाने नीट घासली की चालतात, त्यासाठी नवा संसार मांडायला नको. बऱ्याच जणांना वाटतं उकळलं तळलं की ग्लूटेन मरतं, ते काही जंतू नाही मरायला, प्रथिन आहे, उष्णतेने जात नाही, धुवून काढूनच जातं. त्यामुळे ज्या तेलात ब्रेडक्रम्ब लावून काही तळलं त्या तेलात नंतर तिचे बटाटे तळायचे नाहीत.

लोणी, जॅम, पीनट बटर याच्या बरण्यांचं काय ते आधीच ठरवा. ब्रेडवर फिरवलेली सुरी परत बरणीत गेली की बरणी संपली. आम्ही तिच्या बरण्यांच्या झाकणांना लाल टेप लावलीय आणि तिचं सगळं सामान सगळ्यात वरच्या फळीवर असतं. वर ठेवायचं कारण म्हणजे सांडलं तर ते खाली सांडतं, खालचं वर सांडत नाही.

धाकट्यासाठी तुम्हाला ब्रेड आणायचाच असेल तर आणा पण संध्याकाळचं जेवण सगळ्यांचं एकच ठेवा. दोन स्वयंपाक महिनाभर होतात, मग माणूस थकतो, आणि नऊ वर्षांच्या पोरीला रोज वेगळं ताट दिसणं बरं नाही.

लेबलवाचक

वरचं सगळं बरोबर आहे पण खरी मेख कपाटातल्या बाटल्या आणि पाकिटांत आहे. तांदूळ डाळ कुणाचा घात करत नाही, चवीला टाकलेला चमचाभर पदार्थ करतो. मी खाद्यपदार्थांच्या गुणवत्ता तपासणीत काम करतो म्हणून थोडं लांबण लावतोय.

सोया सॉस, बहुतेक गव्हासकटच आंबवतात. तामारी नावाचा प्रकार बहुधा गव्हाशिवाय असतो पण तोही वाचूनच घ्या. कॉर्नफ्लेक्स मक्याचे असतात म्हणून लोक डोळे झाकून आणतात, त्यात चवीला बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) असतं पुष्कळदा. माल्ट हा शब्द दिसला की पाकीट खाली ठेवा, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, माल्ट व्हिनेगर, माल्टवाली दुधात घालायची पावडर, सगळं बार्ली. (माल्टोडेक्स्ट्रिन मात्र चालतं, नाव सारखं असलं तरी ते वेगळं, आणि ग्लुकोज सिरपही चालतं, गव्हापासून केलेलं असलं तरी, प्रक्रियेत प्रथिन जवळजवळ सगळं निघून जातं.) सूपची पाकिटं आणि स्टॉक क्यूब, सॉसेज, तयार कबाब, ग्रेव्हीची पावडर, सॅलडचं ड्रेसिंग, तयार मिश्र मसाले यांत दाटपणासाठी किंवा भर म्हणून गव्हाचं पीठ असू शकतं. कुट्टूच्या नूडल्स म्हणून सोबा मिळतात त्यात बहुतेकदा गहूही असतो, कुट्टू स्वतः मात्र गव्हाच्या जवळपासचाही नाही, तो रुबार्बच्या कुळातला.

गव्हाची टोपणनावं पाठ करा. रवा, मैदा, दलिया, बल्गर, कुसकुस, ड्यूरम, स्पेल्ट, कामूट, फारो, आइनकॉर्न, एमर म्हणजेच खपली, फ्रीके, सेतान, आणि ट्रिटिकेल जो गहू-राय यांचा संकर आहे. यातलं जुनं, पारंपरिक, पचायला हलकं वगैरे जे काही विकलं जातं ते गहूच आहे, सीलिअ‍ॅकवाल्याला वर्ज्य. उलट बाजूने चिकट तांदळाच्या नावाने घाबरू नका, तो शिजल्यावर चिकटतो एवढंच, त्यात ग्लूटेन नसतं.

दुसरं म्हणजे व्हीट-फ्री आणि ग्लूटेन-फ्री हे एक नव्हे. गहू नाही म्हणजे बार्ली-राय नाही असं होत नाही. नियमही देशागणिक वेगळे, अमेरिकेत अ‍ॅलर्जीच्या सक्तीच्या यादीत गहू आहे पण बार्ली आणि राय नाहीत, युरोपात ग्लूटेनवाली सगळी धान्यं ठळक छापावी लागतात. त्यामुळे पाकीट कुठलं आहे ते बघून पूर्ण घटक वाचायचे. आणि "यात गव्हाचा अंश असू शकतो" ही ओळ बऱ्याच ठिकाणी कंपनीच्या मर्जीवर असते, नाही छापली म्हणजे धोका नाही असा अर्थ होत नाही.

ग्लूटेन-फ्री हा दावा छापायला अन्नपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात मर्यादा आहे किलोमागे २० मिलिग्रॅम, आणि पुष्कळ देशांनी तीच घेतलीय. म्हणजे शून्य नाही, पण असा पदार्थ पाव किलो खाल्ला तरी जास्तीत जास्त ५ मिलिग्रॅम पोटात गेलं. साध्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये ग्रॅमच्या हिशोबात ग्लूटेन असतं, आणि रोज ५० मिलिग्रॅम जात राहिलं तरी काही महिन्यांत आतड्याच्या अस्तराला इजा होते असं तपासणीत दिसलंय. आता टोस्टरमधला चुरा का नको हे कळलं असेल.

प्रत्येक वेळी वाचायचं, रोजच्या वापरातलं असलं तरी. कंपन्या न सांगता घटक बदलतात.

रिकामा_डबा

बाप रे, एवढं सगळं! मनापासून आभार सगळ्यांचे, काल रात्री नवऱ्याला बसवून मोठ्याने वाचून दाखवलं. सोया सॉसची बाटली लगेच बघितली, गहू आहे. कॉर्नफ्लेक्सवर माल्ट आहे. दोन्ही शेजारी दिलं.

टोस्टर_दोन यांचं एकच जेवण हे पटलं, रात्रीचं सगळ्यांचं सारखंच करणार. पण एक अडतंय. ज्वारीचं पीठ आणलं (छापील, ग्लूटेन-फ्री लिहिलेलं), पाण्यात भिजवलं तर गोळाच होईना, लाटायला घेतलं की कडेने फाटतंय, उचलायला गेलं की तुकडे. बाजारातल्या ग्लूटेन-फ्री पिठाच्या मिश्रणात झॅन्थन गम (पीठ बांधून ठेवणारी पावडर) दिसतो, तो आणू का? आणि ओट्सवर कुणी काही बोललं नाही अजून.

पीठमीठ

ज्वारी फाटणारच, गव्हाच्या कणकेला जो ताण असतो तो ग्लूटेनचाच असतो, ज्वारीत तो कुठून येणार. गम वगैरे नंतर बघा, आधी पाणी बदला. गार पाण्यात भिजवू नका. जेवढं पीठ तेवढंच पाणी मोजून मिठासकट खळखळ उकळा, गॅस बंद, पीठ एकदम ओता, लाटण्याच्या टोकाने भराभर ढवळा आणि पाच-दहा मिनिटं घट्ट झाकण. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच बांधून ठेवतो. हाताला सोसवेल इतकं निवलं की परातीत काढून तळहाताच्या बुडाने चांगलं रगडून मळा, रगडणं महत्त्वाचं, बोटांनी चाचपून काही होत नाही. हाताला पाणी लावत लावत. गोळा दाबल्यावर कडेला चिरा पडत असतील तर अजून पाणी हवं, बोटांना चिकटत असेल तर जास्त झालं. दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये लाटलंत तर सुरुवातीला उचलायला सोपं जाईल.

तरीही गुंडाळायला लवचीक हवं असेल तर इसबगोलाची भुशी, वाटीभर पिठाला एक चमचा, आधी पाण्यात भिजवून तिचा गिळगिळीत जेल होऊ द्यायचा आणि तो पिठात मळायचा. झॅन्थन गम मी केकला वापरते, वाटीला पाव चमचा, त्याहून जास्त झाला की केक च्युइंगगमसारखा होतो. ब्रेड करायचा असेल तर इसबगोलच बरं, फायबरही जातं पोटात.

बेकिंगला एकच पीठ कधी घेऊ नका. एकटं तांदळाचं पीठ घेतलं की पदार्थ रवाळ होतो आणि दुसऱ्या दिवशी दगड. दोन भाग धान्याचं पीठ आणि एक भाग स्टार्च, म्हणजे कॉर्नफ्लोर, बटाट्याचा नाहीतर टॅपिओकाचा, हे माझं रोजचं माप. एक मोठी बरणी मिसळून ठेवते. ग्रेव्ही दाट करायलाही मैदा लागत नाही, कॉर्नफ्लोर गार पाण्यात कालवून शेवटी ओता, मिनिटभर उकळलं की झालं.

पिठं साठवायचं मात्र सांभाळा, उत्साहात पाच-पाच किलो आणू नका. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, त्यात स्निग्धांश जास्त असतो आणि दळल्यावर तो खवट व्हायला लागतो. बदामाचं आणि हातसडीच्या तांदळाचं पीठही तसंच. ही सगळी हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये, काढून सरळ वापरता येतात, गोठून दगड होत नाहीत. पांढरा तांदूळ, साबुदाणा, कॉर्नफ्लोर बाहेर कोरडे वर्षभरही राहतात. वास घेऊन बघायची सवय लावा, खवट पिठाचा वास जुन्या ऑइलपेंटसारखा येतो, एकदा ओळखला की विसरत नाही.

दाणापाणी

ओट्सचं मी सांगते. ओट्समध्ये गव्हाचं ग्लूटेन नसतं, त्यात अ‍ॅव्हेनिन नावाचं वेगळं प्रथिन असतं, बहुतेक सीलिअ‍ॅक लोकांना ते सोसतं, थोड्यांना नाही. अडचण ही की साधे ओट्स शेतापासून गिरणीपर्यंत गहू-बार्लीच्या संगतीतच असतात, त्यामुळे साधं पाकीट तर नकोच. ग्लूटेन-फ्री लिहिलेले खास ओट्स मिळतात, पण माझ्या मते आत्ता तेही नको. आधी तिचं पोट शांत होऊ दे, रक्तातल्या अँटीबॉडी खाली येऊ देत, मग डॉक्टरांना विचारून थोडे थोडे सुरू करा, म्हणजे काही झालंच तर कशाने झालं ते कळेल. सगळं एकदम बदललं तर शोधणार कुठे?

लेबलवाचक

ओट्सवर माझं मत थोडं वेगळं आहे. खास ओट्स सुद्धा दोन तऱ्हेचे असतात, एक सुरुवातीपासून वेगळ्या शेतात वेगळ्या यंत्रावर वाढवलेले आणि दुसरे साधे ओट्स यंत्राने निवडून गव्हाचे दाणे काढलेले. दुसऱ्या प्रकारात एखादा दाणा सुटला की नेमक्या त्याच वाटीत सगळं ग्लूटेन येतं, पोत्याची सरासरी कितीही चांगली असली तरी. पहिला प्रकार खात्रीने मिळत असेल तरच विचार करा, नाहीतर नाश्त्याला क्विनोआ फ्लेक्स किंवा नाचणीची लापशी काय वाईट आहे.

दाणापाणी

@लेबलवाचक मान्य, हे मला इतकं बारीक माहीत नव्हतं.

ताई, अजून एक राहिलंय. सगळं तांदळावर ढकलू नका, सोपं आहे म्हणून हात तिकडेच जातो. तांदळात जमिनीतलं आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त उतरतं, आणि भात, तांदळाच्या शेवया, तांदळाचं पीठ, तांदळाची बिस्किटं असं चारी ठाव तांदूळच झाला की लहान मुलाच्या वजनाच्या मानाने ते बरंच होतं. जास्त पाण्यात शिजवून पाणी ओतून टाकलं तर कमी होतं, पण त्याहून बरं म्हणजे आज भात, उद्या मका, परवा बटाटा असं फिरवत राहा. शिवाय तयार ग्लूटेन-फ्री ब्रेड-बिस्किटांत फायबर कमी आणि गोड-तेलकट जास्त असतं. या आजारात आतड्याचं अस्तर खराब झाल्याने लोह, फोलेट, कॅल्शियम कमी पडलेलं असतं आधीच, म्हणून नाचणी, राजगिरा, मसूर, तीळ, पालेभाज्या यांना वरच्या फळीवर मानाची जागा द्या. लोहाच्या गोळ्या वगैरे डॉक्टर सांगतील त्याच. आणि हो, गोळ्या-सिरपमध्येही कधीकधी स्टार्च गव्हाचा असतो, औषधवाल्याला विचारायची सवय ठेवा.

झाकणझूल

मध्येच घुसतोय, माफ करा. मलाही गहू खाल्ला की पोट फुगतं, हा धागा वाचून उद्यापासून बंदच करावा म्हणतोय, या यादीने सुरू करू का?

टोस्टर_दोन

@झाकणझूल दादा, थांबा! आधी टेस्ट, मग बंद. रक्ताच्या टेस्टमध्ये ग्लूटेनमुळे तयार झालेल्या अँटीबॉडी बघतात, तुम्ही आधीच गहू सोडलात तर त्या हळूहळू कमी होतात आणि आजार असून रिपोर्ट नॉर्मल येतो. मग खरं कळायला परत काही आठवडे गहू खावा लागतो आणि ते कुणाला नको असतं. पोट फुगायला इतर शंभर कारणं असतात.

रिकामा_डबा ताई, यावरून आठवलं, धाकट्याची टेस्ट करून घ्या, तुम्हा दोघांचीही. सख्ख्या नात्यात साधारण दहातल्या एकाला निघू शकतो आणि लक्षणं असतीलच असं नाही. त्याची टेस्ट होईपर्यंत त्याचा दुपारचा ब्रेड चालू राहू दे, बाकी रात्रीचं सगळ्यांचं एक.

रिकामा_डबा

हे बरं सांगितलंत, मी त्याचाही गहू बंद करायच्याच विचारात होते. सोमवारी तिघांच्या टेस्ट करतोय.

उकळत्या पाण्याची युक्ती लागू पडली @पीठमीठ, पहिल्या दोन जरा जाड झाल्या पण फाटल्या नाहीत. आता कपाट असं लावलंय: वरच्या फळीवर तिचं, लाल टेपसकट, त्यात तांदूळ, मक्याचं पीठ, क्विनोआ, शेवया, मसूर, मूग, राजम्याचे टिन, टोमॅटोचे टिन, शेंगदाणे, तीळ. बाकीची पिठं सगळी फ्रीझरमध्ये. गव्हाच्या पिठाचा डबा घासून उन्हात ठेवलाय, त्यात काय भरायचं ते ठरायचंय.

शेवटचा प्रश्न, शाळेचा डबा. गार झाल्यावर चांगलं लागणारं काय देऊ? आणि शाळेत काय सांगून ठेवायचं?

पीठमीठ

गार चांगलं लागणारं म्हणजे बेसनाची धिरडी (आत चीज नाहीतर उकडलेला बटाटा), क्विनोआत काकडी-मका-छोले-लिंबू, अंडी-बटाट्याच्या जाड ऑम्लेटच्या चौकोनी वड्या, तांदळाच्या शेवया भाज्या घालून, यांना थोडं तेल जास्त लावा म्हणजे गोळा होत नाही. नुसता गार भात नको, कडक होतो, आणि दुपारपर्यंत कोंबट राहणंही त्याला बरं नाही. थर्मासच्या डब्यात द्यायचं असेल तर आधी डब्यात उकळतं पाणी दहा मिनिटं ठेवून ओतून टाका, मग वाफाळतं जेवण भरा, दुपारी गरमच निघतं. गोडाला शेंगदाणे-खजूर कुटून लाडू, त्याला पीठच लागत नाही.

टोस्टर_दोन

शाळेत वर्गशिक्षकांना लेखी द्या, तोंडी सांगितलेलं विसरतात. डबे वाटून खाणं बंद, वाढदिवसाचा केक बंद, त्याऐवजी तिच्या आवडीच्या चालणाऱ्या गोष्टींची एक छोटी पेटी शिक्षकांकडे ठेवा म्हणजे केक वाटला की तिला त्यातलं मिळेल. आणि मऊ रंगीत खेळायची माती असते ना मुलांची, तिच्यातल्या काही प्रकारांत गव्हाचं पीठ असतं. तुमचा धाकटा खेळत असेल तर घरातलीही बघा, हात धुतल्याशिवाय ताईच्या ताटाला हात नाही.

रिकामा_डबा

ती माती तर जेवणाच्या टेबलावरच असते आमच्याकडे 😑 बघते लगेच.